ट्राउटच्या फ्लायसाठी नवा व्हाइस निवडताना

मरळीसाठीचा २/० नंबरचा जाड गळ काढून त्याच जागी ट्राउटचा सोळा नंबर लावायचा म्हटलं, की माझ्या जुन्या व्हाइसशी झटापट सुरू व्हायची. मागची चकती फिरवून कोलेट, म्हणजे गळ धरणारा चिरलेला चिमटा, ढिला करा, गळ बसवा, लीव्हर दाबा, अंगठ्यानं दांडी ढकलून बघा, घसरली की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी सगळं नीट बसलंय असं वाटायचं आणि शेवटची गाठ आवळताना गळ हळूच खाली मान टाकायचा. फ्लाय तिरपी, दोरा सैल, तोंडातून शिवी.

ज्यांचा या उद्योगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्यानं पिसं, केस, लोकर, बारीक तार बांधून केलेला खोटा किडा. ती बांधताना गळ पकडून ठेवायला जो छोटा शिकंजा लागतो तो फ्लाय टाइंग व्हाइस. गळ घट्ट धरायचा आणि बांधणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे ठेवायचे, एवढंच त्याचं काम. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. एक नंबरपाशी हा हिशेब उलटतो आणि पुढे १/०, २/० असे गळ मोठे होत जातात. सोळा नंबरच्या गळाची दांडी सेंटिमीटरभरही नसते आणि तिची तार अर्ध्या मिलिमीटरच्या आतली असते.

नागपूरच्या माणसाला ट्राउट कुठे सापडला, हे मला कायम विचारतात. इथे सापडत नाहीच. ट्राउटला थंड, खळाळतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी बादलीत घेतलं तरी हात भाजतो. मुळात हा मासा आपल्या देशातलाही नाही. ब्राउन ट्राउटची अंडी इंग्रजांनी १९०० साली काश्मीरमध्ये आणून रुजवली आणि काही वर्षांनी ती तिथून हिमाचलात गेली. मी जातो तीर्थन खोऱ्यात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या खालच्या बाजूला, मत्स्य विभागाचा परवाना काढून. हिवाळ्यात तिथली मासेमारी बंद असते, कारण ट्राउट तेव्हा अंडी घालतो.

उरलेलं वर्ष हात शिवशिवतात. मग भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, मच्छीमार संस्थेची परवानगी काढून मरळीवर फ्लाय टाकतो. तलावावरची ढिवर मंडळी सुरुवातीला माझ्याकडे बघून हसायची. आजही हसतात, पण आता कमळाच्या पानांत मरळ कुठे आहे तेही सांगतात.

तर माझ्या टेबलावर एकाच रात्री दोन टोकांची कामं होतात. एकीकडे पॅराशूट ॲडम्ससारखी नखाएवढी ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी. दुसरीकडे सीताबर्डीच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या ईव्हीए फोमचा बेडूक, बोकडाच्या केसांचे पाय लावलेला. फोम दाबून बांधायचा म्हणजे दोरा तुटेल इतका ताणावा लागतो आणि तेवढा ताण गळाला खाली खेचतो. कोंबड्याची पिसं मोमिनपुऱ्यात मिळतात. मोराची गळून पडलेली पिसं नागपूरच्या आसपास कुणाच्याही शेतात सापडतात. जुन्या विलायती फ्लायमध्ये ज्याला जंगल कॉक म्हणतात ते पीस आपल्याच राखाडी रानकोंबड्याचं. त्याच्या वाटेला मी जात नाही, वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पक्षी संरक्षित आहे. हे विषयाला सोडून झालं, पण कुणी ना कुणी ते पीस मागतोच, म्हणून सांगून टाकलं.

आणखी एक अट घरातली होती. माझी मुलगी डावखुरी आहे आणि तिच्या निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय, माझ्यापेक्षा सफाईदार होतात. व्हाइस एकच असणार, तेव्हा तो दोघांनाही चालला पाहिजे.

आयुष्यभर मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये उभा राहून काम केलं आहे. नवीन वस्तू घेण्याआधी जुनी का गेली हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझा जुना व्हाइस देशी बनावटीचा, हजार-दोन हजारांत मिळतात त्यांपैकी. रचना अमेरिकेतल्या थॉम्प्सन कंपनीच्या ‘मॉडेल ए’ची. पुढे चिरलेला कोलेट, त्याच्याभोवती नळी, मागे कॅमचा लीव्हर. लीव्हर दाबला की कोलेट मागे खेचला जातो आणि नळीच्या तोंडात त्याचे जॉ, म्हणजे गळ धरणारे जबडे, आवळले जातात. लेथवर काम केलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. रचनेत खोटही नाही, पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या लोकांनी या पद्धतीच्या व्हाइसवर उत्तम फ्लाय बांधल्या आहेत. माझ्या नगात खोट होती ती पोलादात.

जॉच्या टोकावर कानस फिरवली. नीट हार्डन केलेल्या पोलादावरून कानस घसरते, इथे तिनं चक्क किस काढला. भिंगाखाली धरलं तर दोन्ही जॉवर मोठ्या गळांनी पाडलेल्या खाचा स्पष्ट दिसत होत्या. गळ कडक तारेचा असतो. जॉ त्याच्याहून नरम असले तर जॉ गळाला धरण्याऐवजी गळच जॉमध्ये घर करतो. २/० नं पाडलेल्या खाचेत सोळा नंबरचा गळ गेला की तो तिथे नुसता लटकतो, कितीही आवळा.

मग जॉच पुन्हा हार्डन करून घ्यावेत का? केस हार्डनिंग, म्हणजे नुसता वरचा थर कडक करणं, जमलं असतं, भट्टी ओळखीची होती. पण कोलेटला दोन उलटी कामं करायची असतात. टोकाशी तो कडक हवा आणि मागच्या बाजूला स्प्रिंगसारखा लवचीक हवा. असा पातळ, चिरलेला तुकडा भट्टीतून काढून तेलात बुडवला की तो हमखास थोडा तरी वाकणार. वाकलेले जॉ टोकाशी भिडतच नाहीत, मागेच कुठेतरी टेकतात. म्हणून तो नाद सोडला.

आमच्या टूलरूममधला एक जुना टर्नर आता इमामवाड्यात स्वतःचं वर्कशॉप चालवतो. त्याच्याकडे चहाला गेलो तेव्हा हा विषय निघाला.

“कायले पैसे घालता भाऊ? ओएचएनएसचा तुकडा पडून आहे माह्याजवळ. दोन जॉ काढून देतो, हार्डन करून देतो, टेंपर करून देतो. एवढ्याशा चिमट्यासाठी अमेरिका कायले पाह्यजे?”

ओएचएनएस म्हणजे तेलात हार्डन होणारं टूल स्टील. मोह झाला. आम्ही त्याच्या पाटीवर खडूनं आकृतीही काढली: दोन लांब जॉ, मधे टेकण, मागे कॅम, पुढे गळाच्या जाडीप्रमाणे फट लावायला एक स्क्रू. पण जॉचं टोक जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद ठेवावं लागतं, नाहीतर बारीक गळाच्या मागे बोटं जात नाहीत. त्या टोकावर दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट आणि समांतर भिडले पाहिजेत, तेही हार्डन केल्यानंतर. म्हणजे वायरकट आलं, हीट ट्रीटमेंट आली, मग ग्राइंडिंग आणि ग्राइंडिंगसाठी फिक्स्चर. शंभर नग काढायचे असते तर परवडलं असतं. एका नगासाठी आकडा मांडला तर तो बाहेरच्या चांगल्या व्हाइसच्या किमतीला जाऊन टेकत होता. टर्नर म्हणाला, आपली मजुरी धरू नका. मी म्हटलं, तुझी नाही धरली तरी माझे रविवार तर जाणार ना. मला फ्लाय बांधायच्या होत्या.

तेव्हा विकत घ्यायचा हे ठरलं. आता कुठला?

हल्ली सगळीकडे रोटरी व्हाइसचा बोलबाला आहे. त्याचेही दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात जॉ स्वतःभोवती फिरतात, पण गळाची दांडी वर-खाली गिरक्या घेते. फ्लायची पलीकडची बाजू बघायला तेवढं पुरतं. खऱ्या रोटरीत जॉ खाली वळवून गळाची दांडी बरोबर फिरण्याच्या अक्षावर आणलेली असते. मग हँडल फिरवलं की दांडी जागच्या जागी फिरते आणि हातातली तार किंवा पीस तिच्यावर आपोआप एकसारख्या अंतरानं गुंडाळलं जातं. थोडक्यात लेथच. माझ्यासारख्याला हे आवडणारच. फक्त गुंडाळताना दोऱ्याची बॉबिन मधे येते, ती अडकवायला बाजूला एक आकडा असतो. गळाचा आकार बदलला की दांडी पुन्हा अक्षावर आणून बसवावी लागते.

एका ऑनलाइन दुकानात स्वस्तातला रोटरी दिसला. परत करण्याची सोय होती, म्हणून मागवला आणि केसभर हालचाल मोजणाऱ्या डायलचा स्टँड काढून बसलो. जॉमध्ये एक सरळ डॉवेल पिन धरली, टोकाला डायल लावला, हँडल फिरवलं. काटा पाव मिलिमीटरहून जास्त झुलला. पिन तिरकी धरली गेली असेल म्हणून उलटी करून पुन्हा लावली, तरी तेच. मग शाफ्ट हातानं वर-खाली हलवून पाहिला आणि प्ले, म्हणजे सैलपणा, बोटांनाच कळला. बेअरिंग नव्हतंच, ॲल्युमिनियमच्या भोकात पितळी बुश बसवला होता आणि तोही सैल. ज्या गळाची तारच अर्ध्या मिलिमीटरच्या आत, तिथे पाव मिलिमीटरची गिरकी म्हणजे दांडी डोळ्यासमोर नाचते. जॉवर कानस चालवण्याची गरजच पडली नाही, डबा पुन्हा बांधून पाठवून दिला.

नॉर्म नॉरलँडर या अमेरिकन माणसाचा नॉरव्हाइस मी फक्त व्हिडिओत पाहिला आहे. हाताचा फटका दिला की गळ भिंगरीसारखा फिरत राहतो आणि डबिंग, म्हणजे दोऱ्यावर वळलेली लोकर, डोळ्यांदेखत चढते. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला हे कबूल. पण त्याचा खरा रंग त्याच्याबरोबरच्या स्वतः दोरा ओढून घेणाऱ्या बॉबिनसकट चढतो, सगळा संच बराच महाग पडतो, आणि माझ्या फ्लायांमध्ये भराभर फिरवण्याजोगं काम थोडंच असतं. ड्राय फ्लायचे पंख उभे करणं, फोम आवळणं, पिसाचे दोनच वेढे मोजून घेणं, हे सगळं थांबून करायचं काम आहे.

हातात घेऊन पाहिलेला पहिला चांगला व्हाइस म्हणजे रेन्झेटी ट्रॅव्हलर. तीर्थनच्या होमस्टेत बेंगळुरूचे एक गृहस्थ उतरले होते. दुपारी मासे वर येत नाहीत तेव्हा ते व्हरांड्यात बसून वूली बगर नावाची, अंगावर तार गुंडाळलेली फ्लाय बांधत. मी बाजूला घुटमळतोय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची सरकवून दिली. फ्लोरिडातली ही कंपनी खऱ्या रोटरीसाठी नावाजलेली आहे आणि का ते हँडलला हात लावताच कळलं. शाफ्ट लोण्यासारखा फिरत होता, कुठेही प्ले नाही. बगरच्या अंगावर तांब्याची तार मी एका हातात धरली, दुसऱ्यानं हँडल फिरवलं, आणि वेढे असे पडले की मला जन्मात हातानं जमले नसते. जॉ कॅमच्या लीव्हरनं आवळतात. गळाची जाडी बदलली की एक स्क्रू फिरवून फट लावून घ्यायची. पकड उत्तम. दहा नंबरचा गळ अंगठ्यानं दाबला तर तो वाकून परत वर आला, जॉमध्ये तसूभर हलला नाही.

अशा वेळी घ्यायलाच हवा असं वाटतं. पण मुलगी बरोबर होती. ती बसली आणि लगेच अवघडली. हँडल तिच्या चुकीच्या हाताला, लीव्हर चुकीच्या बाजूला, बॉबिनचा आकडा भलतीकडे. त्या गृहस्थांनी सांगितलं की डावखुऱ्यांसाठी वेगळं मॉडेल मिळतं. मिळतं खरं, पण मग मी काय करायचं? दुसरी गोष्ट संध्याकाळी खोलीवर आल्यावर लक्षात आली. ते गृहस्थ एका बैठकीत एकाच नंबरच्या डझनभर फ्लाय बांधत होते. तसं काम असेल तर एकदा फट लावली की झालं. मी एक ॲडम्स बांधतो, मग कंटाळा आला म्हणून एक बेडूक, मग पुन्हा एक निम्फ. माझी कटकट फट लावण्याचीच होती आणि ती इथेही थोडी का होईना उरणारच होती.

रीगल पाहायला मिळाला पुण्यात. कोथरूडमधल्या एका परिचिताकडे तो बरीच वर्षं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑरेंज नावाच्या गावी ही कंपनी आहे. तिची चाल बाकी सगळ्यांच्या उलटी. इथे लीव्हर दाबला की जॉ उघडतात, सोडला की स्वतःच्या स्प्रिंगच्या जोरावर मिटतात. मोठं कपड्याचं चाप समजा, फक्त टूल स्टीलच्या ताकदीचं. आवळायचा स्क्रू नाही, फट लावायची भानगड नाही. बारीक गळ असला तरी दाबा-ठेवा-सोडा, जाडा असला तरी तेच.

मी खिशातून गळांची डबी काढली. २/० लावला, दांडीवर अंगठा ठेवून सगळा जोर दिला. दांडी वाकली, अंगठा काढताच टण्णकन जागेवर आली. लगेच काढून सोळा नंबर लावला, तोही तसाच. पुन्हा २/०. मधे काहीही करावं लागलं नाही. परिचित शेजारी उभे राहून गंमत बघत होते. दुसऱ्याच्या व्हाइसवर कानस चालवणं बरं दिसलं नसतं, म्हणून भिंगानं जॉची टोकं नीट पाहून घेतली. इतक्या वर्षांच्या वापरानंतर एकही खाच नव्हती. माझ्या लेखी निकाल तिथेच लागला होता, तरी आणखी काही गोष्टी बघायच्या होत्या.

पहिली गोष्ट, माझा अंगठा. वर्षानुवर्षं कानस धरून उजव्या अंगठ्याचा सांधा कुरकुरतो आणि रीगलचा स्प्रिंग जबर आहे. नुसत्या बोटांनी लीव्हर दाबला तर पाचव्या-सहाव्या वेळी हात भरून येतो. परिचितांनी युक्ती दाखवली: बोटं पलीकडून अलगद टेकवायची आणि जोर तळव्यानं द्यायचा. संध्याकाळभर गप्पा मारता मारता मी तो उघड-मीट करत बसलो. अंगठा दुखला नाही. ज्यांच्या हातात संधिवात आहे त्यांनी मात्र हा व्हाइस न हाताळता मुळीच मागवू नये.

दुसरी, जॉची जाडी. रीगलचे नेहमीचे जॉ टोकाशी इतरांपेक्षा जाडसर आहेत. बारीक गळाच्या मागच्या बाजूला बोटं न्यायला जागा कमी पडते. बारीक कामासाठी निमुळते जॉ वेगळे मिळतात.

तिसरी, रोटरी. रीगलचं डोकं फिरतं, फ्लायची पलीकडची बाजू बघता येते, पण वेढे घालायला त्याचा उपयोग नाही. बगरची तार हातानंच गुंडाळावी लागणार. रेन्झेटीवरचे ते वेढे डोळ्यांसमोरून जात नव्हते, खोटं कशाला बोलू. मग हिशेब केला की माझ्या फ्लायच्या डबीत तारेचे वेढे असलेल्या फ्लाय किती आणि बिनतारेच्या किती. ड्राय फ्लाय आणि बेडूक मिळून निम्म्याहून खूप जास्त निघाले.

मुलीचा प्रश्न तर चुटकीसरशी सुटला. खालचा दांडा अर्धा फिरवून जॉचं तोंड उलट दिशेला केलं, डोकं अर्धं फिरवून लीव्हर आपल्या बाजूला घेतला, की डावखुऱ्यासाठी तयार. ते मी पुण्यातच करून पाहिलं आणि तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, “बाबा, मग विचार कसला करताय?” विचार पैशाचा करत होतो. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास, शिवाय आणण्याचा खर्च. फ्लाय फिशिंगमध्ये ज्याचं नाव आदरानं घेतात तो ली वुल्फ व्हाइस न वापरता, गळ नुसत्या बोटांत धरून फ्लाय बांधायचा, अगदी अठ्ठावीस नंबरचीसुद्धा. हे मी मुलीला ऐकवलं. तिनं माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही.

न्यू जर्सीचा भाचा दिवाळीला येणार होता. त्याला दोन गोष्टी बजावल्या. एक, टेबलाला अडकवायच्या सी-क्लॅम्पचं साधं मॉडेल घे, जड बैठकीचं नको. दोन, हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, चेक-इनच्या सामानात टाक. लोखंडाचा विचित्र आकाराचा तुकडा एक्स-रेमध्ये दिसला की ते लोक बॅग उघडायला लावणारच. “मामा, यानं नक्की करतात काय?” असं त्यानं आल्यावर विचारलं. फ्लाय बांधून दाखवली, तरी त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तसाच राहिला.

बैठकीचं मॉडेल नको म्हटलं, कारण बैठक म्हणजे नुसतं लोखंड. ते सातासमुद्रापलीकडून आणायला मी काही वेडा नाही. पण बैठक लागणार तर होतीच. आमचं डायनिंग टेबल काचेचं आहे, त्याच्या काठाला क्लॅम्प आवळला असता तर मला घराबाहेर झोपावं लागलं असतं. लोहाओळीतून १२ मिलिमीटर जाडीची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट आणली, २०० बाय १५० ची. एवढ्या प्लेटचं वजन पावणेतीन किलोच्या वर भरतं आणि दोरा कितीही ताणला तरी ती जागची हलत नाही. व्हाइसचा दांडा तीन अष्टमांश इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरला केसभर जास्त. तेवढ्या भोकाचा बॉस, म्हणजे दांडा बसायचा गोल ठोकळा, इमामवाड्यात ईएन८ पोलादातून टर्न करून घेतला, रीमर मारला आणि प्लेटला खालून काउंटरसंक स्क्रूनं बसवला. बाजूनं ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू. त्याच्या तोंडाशी पितळेची छोटी गोळी टाकली आहे, म्हणजे ग्रब स्क्रूचं टोक दांड्याला चावत नाही आणि उंची हवी तितक्या वेळा बदलता येते. कुणी करणार असेल तर ही गोळी विसरू नका. खालून जुन्या मोटारसायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. प्लेटच्या कोपऱ्यात स्पीकरमधून काढलेलं चुंबक बसवलं, त्याला गळ चिकटून राहतात.

टर्नरनं मजुरी म्हणून मरळ मागितली. पकडलेला मासा मी परत सोडतो हे त्याला आजही पटत नाही. शेवटी त्याच्यासाठी बाजारातून विकत आणून दिली.

उंची लावण्यात एक संध्याकाळ गेली. माझा चष्मा दुहेरी, जवळचं फक्त खालच्या भागातून दिसतं. गळ जरा वर असला की मान मागे टाकून बघावं लागतं आणि अर्ध्या तासात मानेचे मणके बोलायला लागतात. म्हणून दांडा इतका खाली घेतला की हनुवटी किंचित खाली ठेवून गळ सरळ दिसावा. मुलीला तो वर लागतो. ग्रब स्क्रूची ॲलन की त्यामुळे प्लेटच्या चुंबकावरच चिकटवून ठेवली आहे. मागे पांढरा पुठ्ठा उभा करतो, काळ्या दोऱ्याची टोकं त्यावर चांगली उठून दिसतात.

गळ धरण्याची पद्धतही या व्हाइसबरोबर थोडी बदलली. जुन्यात मी गळ जितका आत जाईल तितका कोंबत असे, टोकासकट. पण टोक जॉमध्ये दाबलं गेलं तर ते बोथट होण्याची भीती असते, आणि तारेला ओरखडा पडला तर मासा लागल्यावर गळ नेमका तिथेच तुटतो. इथे बाकाच्या खालच्या भागात थोडासा धरला तरी पुरतं, टोक बाहेर मोकळं राहतं. एकच सांभाळायचं: उघड्या टोकाला दोरा घासला की तो कुरतडला जातो. पहिले काही दिवस माझा दोरा सारखा तुटायचा, आता बॉबिन आपोआप टोकाच्या बाहेरून वळसा घेते. आणि गळ अर्धवट बसलेला असताना लीव्हर सोडला तर तो गोळीसारखा उडतो. डोळे सांभाळ, असा मी मुलीला दम देऊन ठेवला आहे.

उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण असते, तिला व्हाइस काय करणार. कूलर सुरू असला की हॅकलची, म्हणजे फ्लायभोवती गुंडाळायची, पिसं घरभर, कूलर बंद केला की घामानं दोरा बोटांना चिकटतो. फ्लायच्या डोक्याच्या गाठीवर लावायचं वॉर्निश बाटलीतच दाट होतं. त्यामुळे एप्रिल ते जून आम्ही रात्री जेवणानंतर बसतो आणि कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे वळवून ठेवतो.

फोमचे बेडूक आता बिनघोर होतात, दोरा तुटतो पण गळ हलत नाही. सोळा नंबरपर्यंत ॲडम्सही झकास. अठरा नंबरला मात्र जॉची जाडी आडवी येते. हॅकल गुंडाळताना चिमटा जॉच्या खांद्याला आपटतो आणि पिसाचं टोक निसटतं. मुलीची बोटं बारीक आहेत, ती कशीबशी निभावून नेते. निमुळते जॉ मागवायचे की तीर्थनला सोळावरच भागवायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. भाचा पुढच्या दिवाळीला येणार आहे.